निफाडहून बेप्पूला: एपीयूच्या प्रवेशाची आणि त्यानंतरची हकीकत

जपानच्या क्यूशू बेटावर ओइता नावाचा प्रांत आहे आणि त्या प्रांतात बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरील मोकळ्या माळावर रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठ वसलेले आहे. सगळे त्याला एपीयू म्हणतात. २०२३ च्या शरद सत्रात मी तेथे पदवीच्या पहिल्या वर्षात दाखल झाले. तेव्हापासून गावाकडून आणि नाशिकच्या ओळखीच्या मंडळींकडून मला प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले जातात: फी किती, आणि शिकवतात इंग्रजीतच ना? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात देता येतात, पण त्या उत्तरांवर विसंबून कोणी निघाले तर वाटेत अडचणीत येईल. विद्यापीठाने होकार देणे हा या सगळ्या प्रवासातला मला तरी सर्वांत सोपा टप्पा वाटला. घरातला पैसा कोठून येतो हे परक्या देशाच्या सरकारला पटवून देणे आणि इंग्रजी माध्यमाच्या दाराने आत शिरल्यावर जपानी भाषेत उभे राहणे, या दोन ठिकाणी आमचा खरा कस लागला.

विद्यापीठाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण आमच्या घरी पहिली शंका तिच्याविषयीच निघाली. क्योतोमधील रित्सुमेइकान ही जुनी खाजगी शिक्षणसंस्था. तिने ओइता प्रांत आणि बेप्पू नगरपालिका यांच्या साहाय्याने २००० साली हे विद्यापीठ उघडले. त्या वेळी ओइताचे राज्यपाल मोरिहिको हिरामात्सु होते. प्रत्येक गावाने आपले एखादे उत्पादन नावारूपाला आणावे, ही ‘एक गाव, एक उत्पादन’ चळवळ १९७९ मध्ये सुरू करणारे ते हेच. तरुण मंडळी शहरांकडे निघून चाललेल्या प्रांतात जगभरचे विद्यार्थी आणून बसवायचे, हा विचार त्यांच्या धोरणाशी सुसंगतच होता. निम्मे विद्यार्थी परदेशी, निम्मे प्राध्यापक परदेशी आणि विद्यार्थ्यांचे देश किमान पन्नास, असे उद्दिष्ट विद्यापीठाने आरंभीच जाहीर केले होते, आणि वर्गात बसल्यावर ते कागदापुरते नाही हे दिसते.

वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, मात्र फीमधील सवलतीचा संशय आला. एपीयू परदेशी विद्यार्थ्यांना फीमध्ये तीस, पन्नास, पासष्ट, ऐंशी किंवा शंभर टक्के सूट देते आणि ती प्रवेशाच्या वेळीच ठरते. मला पासष्ट टक्के मिळाली. ‘माल चांगला असेल तर व्यापारी आधीच भाव कशाला पाडेल?’ असे नाना म्हणाले. बागायतदाराच्या दृष्टीने प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर जपानच्या लोकसंख्येत आहे. जपानमधील अठरा वर्षांच्या मुलामुलींची संख्या १९९२ मध्ये सुमारे २० लाख ५० हजार होती, ती आता ११ लाखांच्या आसपास आली आहे. तेथील तीन-चतुर्थांशांहून अधिक विद्यार्थी खाजगी विद्यापीठांत शिकतात, आणि २०२३ मध्ये अर्ध्याहून अधिक खाजगी विद्यापीठांच्या सर्व जागा भरल्या नव्हत्या. अशा परिस्थितीत परदेशी विद्यार्थी हा खाजगी विद्यापीठासाठी शोभेचा विषय राहत नाही. याचा अर्थ सवलत देणारे प्रत्येक विद्यापीठ चांगले असा नाही आणि वाईट असाही नाही. जी संस्था पहिल्या दिवसापासून याच कामासाठी उभारली गेली तिची निवड आम्ही केली, एवढेच.

अर्जाचा भाग लवकर आटोपण्यासारखा आहे. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, दहावी आणि अकरावीच्या गुणपत्रिका, एक निबंध आणि ऑनलाइन मुलाखत, एवढ्यावर निर्णय होतो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची अडचण एकच. शरद सत्राचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो आणि विद्यापीठ बारावीचे अपेक्षित गुण विचारते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने असे पत्र पूर्वी कोणालाही दिलेले नव्हते. ‘निकाल मंडळ लावते, आम्ही कसे सांगणार?’ हे प्राचार्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी सराव परीक्षेचे गुण महाविद्यालयाच्या पत्रशीर्षावर छापून त्यांनी सही-शिक्का दिला आणि तेवढे पुरले. मी अर्ज केला तो शाश्वत विकास आणि पर्यटन या नव्या विद्याशाखेसाठी. ती २०२३ च्या एप्रिलमध्येच सुरू होत होती. मुलाखतीत मला बागेबद्दल बरेच विचारले गेले. पर्यटन आणि शेती यांचा संबंध काय, यावर मी जे बोलले ते आज आठवले तर फार कच्चे वाटते, पण ऐकणाऱ्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले.

होकाराचे पत्र आले आणि खरे काम सुरू झाले. जपानचा विद्यार्थी व्हिसा मिळण्याआधी तेथील इमिग्रेशन विभागाकडून एक पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी सीओई म्हणतात. त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा नसतो, त्याच्या वतीने विद्यापीठ करते. म्हणजेच विद्यार्थी खरा आहे, शिकायलाच येतो आहे आणि त्याचा खर्च कोणीतरी निश्चितपणे भागवणार आहे, याची एका अर्थाने विद्यापीठ हमी देते. त्यामुळे सरकारने विचारण्याआधी विद्यापीठच सगळे विचारून घेते. खर्चाची जबाबदारी कोणाची, त्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न किती, शिल्लक किती आणि ती शिल्लक कशी जमली, या चारही प्रश्नांना कागदाचा आधार लागतो.

नोकरदार घरातल्या मुलांसाठी हे काम दोन दिवसांचे असते: वेतनपत्रके, फॉर्म १६, प्राप्तिकर विवरणपत्र आणि बँकेचे शिलकीचे पत्र. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे नानांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नव्हते. सातबारा आजोबांच्या नावावर, बाग वडील पाहतात आणि व्यापाऱ्याचे पैसे वडिलांच्या खात्यात येतात. गावात या व्यवस्थेबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, कारण प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने हेच असते. परंतु फुकुओका किंवा ओइताच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने हा कागद वाचला, तर जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि करभरणा कोणाचाच नाही, असेच चित्र त्याला दिसेल.

उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत तर वेगळीच. आमच्याकडे तहसीलदाराचा दाखला बहुधा फीसवलतीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी काढला जातो, त्यामुळे आकडा जेवढा खाली राहील तेवढा सर्वांना हवा असतो. आम्ही मात्र सगळे उत्पन्न जसेच्या तसे दाखवा म्हणून गेलो. तलाठी भाऊसाहेबांनी नानांकडे दोनदा पाहिले आणि दाखला नक्की कशासाठी हवा आहे, याची पुन्हा खात्री करून घेतली. पंचनामा, जबाब, सातबारा, आठ-अ आणि पीकपाहणीची नोंद हे सगळे जोडून दाखला मिळाला खरा, पण तो अर्थातच मराठीत. त्याचे इंग्रजी भाषांतर करून नोटरी करावे लागले. भाषांतर करणाऱ्या गृहस्थांना गुंठ्यांचे क्षेत्रफळ कसे मांडावे याचा पेच पडला, तो चौरस मीटर कंसात लिहून सुटला.

पासबुकाने त्याहून अधिक त्रास दिला. द्राक्षाचा पैसा वर्षभर सारखा येत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फवारण्या, मजुरी आणि खते यांवर खर्चच खर्च असतो, जानेवारीपासून मार्चपर्यंत माल जातो आणि व्यापाऱ्यांचे पैसे चार-दोन मोठ्या रकमांत जमा होतात. त्यात सोसायटीचे पीककर्ज. व्याजाची सवलत टिकवण्यासाठी ३१ मार्चच्या आत ते फेडायचे आणि एप्रिलमध्ये नवे उचलायचे, हा आमच्या भागातला नेहमीचा रिवाज. त्यामुळे नानांच्या खात्यात मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम आली, महिनाअखेर तिच्यातली बरीचशी निघून गेली आणि एप्रिलमध्ये पुन्हा तेवढीच जमा झाली, असे दिसत होते. विद्यापीठाच्या कार्यालयाकडून नम्र शब्दांत विचारणा आली की या मोठ्या रकमांचे स्पष्टीकरण द्यावे. त्यांचा प्रश्न योग्यच होता. व्हिसापुरते पैसे उसने घेऊन खात्यात ठेवायचे आणि काम झाल्यावर परत करायचे, ही युक्ती अनेक देशांतून चालते आणि पासबुकावर तिचा ठसा नेमका असाच उमटतो.

आम्ही मग तीन पानांचे पत्र लिहिले. त्यात बागेचे वर्षाचे वेळापत्रक महिन्यानुसार मांडले: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, काढणी, आणि त्या त्या महिन्यात पैसा कोणत्या दिशेने जातो ते. मागील तीन हंगामांच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबपट्ट्या जोडल्या. पट्टीवरील रक्कम आणि पासबुकातील जमा एकमेकांशी जुळतात हे दाखवण्यासाठी दोन्हीकडे सारखेच क्रमांक घातले. सोसायटीच्या सचिवांकडून पीककर्जाच्या फेडीचे आणि उचलीचे पत्र घेतले. आजोबांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केले की जमीन माझ्या नावावर असली तरी तिचे उत्पन्न मुलगा घेतो आणि नातीच्या शिक्षणास माझी संमती आहे. एका वर्षी गारपिटीने निम्मी बाग गेली होती. त्या वर्षाचा आकडा लपवावा असे घरातील एकाचे मत होते, परंतु आम्ही तो पंचनाम्यासह जोडला. पुढे कोणतीही शंका आली नाही. कागद खरे असून भागत नाही, अनोळखी माणसाला ते आपोआप समजतील असे लावावे लागतात. शेतकरी कुटुंबातून जाणाऱ्या कोणालाही मी हे पत्र आधीच तयार ठेवायला सांगते.

सीओई ई-मेलने आले, कारण २०२३ पासून जपानने ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली होती. पूर्वी मूळ कागद कुरियरने येण्याची वाट पाहावी लागे. ते तीन महिने वैध असते, तेवढ्यात जपानमध्ये दाखल व्हावे लागते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. व्हिसाचे शुल्क भारतीयांसाठी नाममात्र आहे आणि सीओई हातात असले की त्या टप्प्यावर फारसे काही घडत नाही.

पैसे पाठवणे हा मात्र स्वतंत्र विषय आहे. पहिल्या वर्षाची पूर्ण फी तेरा लाख येनांच्या आसपास होती आणि पुढील वर्षांची त्याहून जास्त. सवलत वजा केल्यावर उरलेली रक्कम, प्रवेशशुल्क आणि वसतिगृहाचे पैसे येनमध्ये पाठवायचे होते. येन त्या काळात रुपयाच्या मानाने बराच स्वस्त होता, हे आमचे नशीब. बँकेत ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, भरावा लागतो. त्या वेळच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात शिक्षणासाठी सात लाख रुपयांपेक्षा अधिक रक्कम बाहेर गेली की वरच्या भागावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, कापला जाई. शैक्षणिक कर्जातून पाठवल्यास तो अर्धा टक्का होता. पुढे ही मर्यादा दहा लाखांवर नेण्यात आली. कापलेला कर परत मिळतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. ज्यांनी आयुष्यात कधी प्राप्तिकराचा कागद पाहिला नव्हता त्या नानांनी अशा रीतीने मुलीच्या जपानी शिक्षणापायी पहिले विवरणपत्र भरले.

फुकुओका विमानतळावरच रहिवासी कार्ड हातात मिळते. तेथेच एक साधा अर्ज भरून दिला की आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याच्या परवानगीचा शिक्का कार्डाच्या मागील बाजूस बसतो. हा अर्ज विमानात भरून ठेवावा. नंतर इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन हीच परवानगी मिळवायला कित्येक आठवडे लागू शकतात. बेप्पूत पोहोचल्यावर चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवणे, राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालणे, पोस्टाच्या बँकेत खाते उघडणे ही कामे विद्यापीठाने नवागतांकडून गटागटाने करून घेतली. विम्यामुळे दवाखान्याच्या बिलातील तीस टक्केच आपल्याला द्यावे लागतात. पुढे दात दुखू लागला तेव्हा त्या विम्याची किंमत मला कळली.

या सर्व ठिकाणी मला छळले ते माझ्या नावाने. महाराष्ट्रातील पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एकत्र पहिल्या रकान्यात असते आणि आडनाव दुसऱ्या. त्यामुळे जपानी कागदावर वडिलांचे नाव हे माझ्याच नावाचा भाग ठरले. पोस्टाच्या खात्याच्या अर्जात काताकाना लिपीतील अक्षरांसाठी जेवढे चौकोन होते त्यांत ते मावेना. कोठे पूर्ण नाव, कोठे तोडलेले, कोठे आडनाव आधी, तर कोठे शेवटी, असे झाले की मोबाइल कंपनी, बँक आणि विमा यांच्या नोंदी जुळत नाहीत आणि हप्ता आपोआप कापला जात नाही. पहिल्या दिवशीच काताकानातील एकच रूप ठरवून ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे, असा सल्ला मला वसतिगृहातील वरच्या वर्गातल्या एका श्रीलंकन मुलीने दिला. तो मी पुढे आलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला देत आले आहे.

वसतिगृहाचे नाव एपी हाउस. परदेशी विद्यार्थी पहिल्या वर्षी प्रामुख्याने तेथेच राहतात आणि त्यांच्यासोबत जपानी विद्यार्थीही असतात. मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असते आणि प्रत्येक मजल्याची काळजी वाहणारे वरच्या वर्गातील निवासी साहाय्यक असतात. आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी सातच्या सुमारास व्हिएतनामी, इंडोनेशियन, उझबेक, बांगलादेशी आणि जपानी भांडी एकाच वेळी चुलीवर असत आणि माझ्या फोडणीने सगळ्यांना एकत्रित शिंका येत. पर्यटनाच्या पुस्तिकांत छापण्यासारखे हे दृश्य आहे, पण तक्रारीही तेथेच होतात. कचरा वेगळा करण्यावरून, न धुतलेल्या कढईवरून, रात्रीच्या आवाजावरून. त्या तक्रारी मिटवण्याची भाषा मात्र हळूहळू जपानी होत जाते, कारण साहाय्यकांची बैठक, सूचनाफलक आणि शहरातील कचऱ्याचे नियम सगळे शेवटी त्याच भाषेत येतात.

येथे मी मूळ मुद्द्यावर येते. एपीयूत इंग्रजी माध्यमातून प्रवेश घेता येतो आणि पदवीही पूर्ण होते, यात काही खोटे नाही. मात्र इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला जपानी भाषेचे अभ्यासक्रम सक्तीचे आहेत. फाउंडेशनच्या तीन पायऱ्या आणि मग इंटरमिजिएट. जपानी माध्यमातून आलेल्यांनाही त्यांचे काही विषय इंग्रजीतून घ्यावेच लागतात. पहिली दोन वर्षे माझ्या वेळापत्रकाचा कणा हा भाषेचा वर्गच होता. आठवड्यातील बहुतेक दिवस सकाळी वर्ग, जवळजवळ रोज कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी चित्राक्षरे) आणि शब्दांची छोटी चाचणी, दर काही धड्यांनंतर मोठी परीक्षा, शिवाय तोंडी सादरीकरण. अर्थशास्त्राच्या तासाला एखादे दिवशी मन भरकटले तर चालते. भाषेच्या वर्गात एक दिवस चुकला की पुढचे तीन दिवस काय राहून गेले ते शोधण्यात जातात.

मराठी माणसाला व्याकरण फारसे जड जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. क्रियापद शेवटी, शब्दाला मागून जोडायचे प्रत्यय, आदरानुसार बदलणारी रूपे हे आपल्याला नवे नाही. इंग्रजीतून विचार करणाऱ्या वर्गमैत्रिणी ज्या वाक्यरचनेपाशी अडत तेथे मी सहज पुढे जात असे. कांजीने हे सगळे श्रेय काढून घेतले. चिनी मुलींना ती चित्रे आधीच ओळखीची, आम्हा बाकीच्यांना प्रत्येक अक्षर नव्याने गिरवायचे. डिसेंबरपर्यंत माझ्या वह्या पहिलीतल्या मुलासारख्या दिसत होत्या. पुण्याला जपानी शिकवणाऱ्या संस्थांची मोठी परंपरा आहे आणि तेथे दरवर्षी जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा होते. निघण्यापूर्वी सहा-आठ महिने हाताशी असतील तर ते अशा वर्गात घालवावेत. त्यामुळे पहिल्या पायरीवरून सूट मिळू शकते आणि वाचलेला वेळ मुख्य विषयांना देता येतो.

इंग्रजी माध्यमाच्या व्याख्यानांबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. काही प्राध्यापक उत्तम आहेत, काही वर्ग मोठे आणि सैल आहेत. गटकार्य भरपूर असते. जपानी विद्यार्थी आरंभी गप्प बसतात, आपण बोलत सुटतो, आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री लक्षात येते की त्यांनी सगळी आकडेवारी न बोलता गोळा करून ठेवली आहे. विद्यापीठ डोंगरावर असल्यामुळे तेथे स्वतःचे जग तयार होते. विद्यार्थी थट्टेने खालच्या शहराला खालचे जग म्हणतात. बसने खाली यायला अर्धा तास पुरतो, पण चार वर्षे त्या जगात न उतरताच पदवी घेऊन गेलेले विद्यार्थीही असतात, आणि त्यांना इंग्रजी माध्यमाने नेमके काय दिले असा प्रश्न मला पडतो.

माझ्यासाठी खालचे जग उघडले ते अजिमुमुळे. बेप्पूच्या पलीकडील उसा नगरपालिकेत अजिमु नावाचा भाग आहे. तो द्राक्षांसाठी आणि शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम करण्याच्या पद्धतीसाठी जपानमध्ये ओळखला जातो. १९९६ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी ग्रामीण पर्यटनाचा अभ्यासगट काढला आणि पाहुण्याला घरातल्या माणसासारखे ठेवण्याची पद्धत रुजवली. एका विषयाच्या क्षेत्रभेटीसाठी आम्ही तेथे गेलो. मांडवावरील वेली, प्रत्येक घडाला बांधलेली कागदी पिशवी आणि क्योहो जातीचे टपोरे काळे मणी पाहून मी आधी छाटणीविषयीच विचारले. ज्यांच्या घरी आम्ही राहिलो ते आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे होते. जपानी शेतकऱ्याचे सरासरी वय २०२० च्या कृषी गणनेत ६७.८ वर्षे निघाले होते, हे मी वर्गात शिकले होते, ते त्या अंगणात समोर दिसले. त्यांच्या बोलीतील निम्मे मला कळले नाही. पण एका घडात किती मणी ठेवायचे, पाऊस कधी नको, व्यापारी की थेट विक्री, या विषयांवर आम्ही संध्याकाळभर बोललो, आणि तेव्हा अनुवाद करून देणारे कोणी नव्हते. निफाडमध्ये कृषी पर्यटन म्हणजे बहुधा हुरडा, झोपाळा आणि बैलगाडी. अजिमुमध्ये पाहुण्याला थेट कामाला लावतात. दोन्हींच्या तुलनेवर मी आता माझा पदवी प्रबंध लिहीत आहे.

अर्धवेळ कामाविषयी अतिशयोक्तीच फार ऐकू येते. मी आले तेव्हा ओइता प्रांतातील किमान वेतन तासाला ८९९ येन होते, पुढील वर्षी ते ९५४ झाले. आठवड्याचे २८ तास पूर्ण भरले तर महिन्याला साधारण एक लाख येन हाती येतात. एपी हाउस सोडल्यावर शहरात तीस हजार येनांच्या आसपास भाड्याने खोली मिळते, त्यामुळे राहणे आणि खाणे त्यात निभावते. फी त्यातून निघत नाही, आणि निघेल असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये. दीर्घ सुट्ट्यांत रोज आठ तासांपर्यंत मुभा असते. मी कान्नावा भागातील एका पारंपरिक निवासगृहात सकाळच्या न्याहारीची तबके लावण्याचे काम करते. झऱ्याच्या वाफेवर भाज्या आणि अंडी शिजवण्याची तेथील पद्धत मला मनापासून आवडते. तासांची मर्यादा ओलांडली तर रहिवास वाढवताना करांच्या कागदांवरून ते उघड होते. माझ्या ओळखीतल्या एकाला त्यापायी परतावे लागले.

वयाची वीस वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास निवृत्तिवेतन कार्यालयाकडून पत्र आले. जपानमध्ये राहणाऱ्या वीस ते एकोणसाठ वर्षांच्या प्रत्येकाला, परदेशी विद्यार्थ्यालाही, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत नाव नोंदवावे लागते. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्याची सोय आहे, परंतु त्यासाठी दरवर्षी अर्ज करावा लागतो. पत्र फक्त जपानीत होते. पहिल्या वर्षी असे पत्र मी कार्यालयात नेऊन वाचून घेतले असते. या वेळी ते मी घरीच शब्दकोश घेऊन भरले आणि पोस्टात टाकले.

सध्या नोकरीच्या शोधाची धावपळ सुरू आहे. जपानमधील भरती ठरीव वेळापत्रकाने चालते: १ मार्चपासून कंपन्या माहिती खुली करतात, १ जूनपासून निवड, १ ऑक्टोबरला औपचारिक नियुक्तिपत्र आणि पुढील एप्रिलमध्ये रुजू. हे सगळे मार्चमध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी आखलेले आहे. अनेक कंपन्या एपीयूच्या आवारात येऊन मुलाखती घेतात, ही या विद्यापीठाची मोठी सोय आहे. परंतु त्या मुलाखती बहुतांशी जपानीत होतात आणि जेएलपीटीची एन-टू, म्हणजे पाचांपैकी वरून दुसरी, पातळी अनेक ठिकाणी गृहीत धरलेली असते. आम्ही शरदात आलेले सप्टेंबरमध्ये पदवी घेतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये रुजू करून घेणारी कंपनी शोधायची, की एप्रिलपर्यंत थांबायचे, हे ठरवावे लागते. थांबायचे तर विद्यार्थी म्हणून असलेला रहिवासाचा दर्जा संपतो आणि नियुक्तिपत्र दाखवून मधल्या महिन्यांपुरता वेगळा दर्जा मागावा लागतो. त्यासाठी कंपनीचे पत्र आणि त्या महिन्यांचा खर्च कसा भागणार याचा पुरावा, असे कागद लागतात. मी दोन्ही प्रकारच्या कंपन्यांकडे अर्ज केले आहेत. ओइतामधील एका हॉटेल कंपनीने लेखी परीक्षेपर्यंत बोलावले आहे आणि तेथील भरती एप्रिलची आहे.